खालच्या रेषेवरचे ठिपके

माणदेश विद्यापीठात मूल्यांकन समिती येणार म्हटलं, की सगळ्यांत आधी कुंड्या येत. मागोमाग भिंतींना रंग. स्वच्छतागृहं घासूनपुसून कुलूपबंद होत, कारण समिती येईपर्यंत ती कुणी वापरली तर पुन्हा घाण होतील. आणि शेवटी हेड क्लार्क बुधावले एका दुपारी दार लावून बसत आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय-अर्ज स्वतःच्या हाताने भरत. दोनशे अर्ज, तीन रंगांची पेनं. सगळीकडे ‘उत्कृष्ट’वर खूण केली तर संशय येतो, म्हणून दर दहाव्या अर्जात ते ‘मेसची आमटी पातळ असते’ असं लिहीत. आमटी खरोखरच पातळ असे, त्यामुळे तेवढा भाग शास्त्रशुद्ध होता.

२०३८ साली मात्र कुंड्या आल्या नाहीत. समितीच येणार नव्हती, तिच्या जागी ‘निकष’ नावाचं सॉफ्टवेअर येणार होतं.

शैलजा ऐवळे यांना ही बातमी ऐकून बरं वाटलं. मुलींच्या वसतिगृहाला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या एकवीस वर्षं समुपदेशन केंद्र चालवत होत्या. समुपदेशनाची त्यांची पद्धत कुठल्या पुस्तकात सापडली नसती. टेबलावर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची टोपली. मुलगी आली की टोपली तिच्याकडे सरकवायची आणि आपण गप्प बसायचं. हात कामाला लागले की जीभ आपोआप सुटते, असा त्यांचा अनुभव होता. मुलगी गेली की टरफलांचा ढीग बघून त्यांना कळे, की दुखणं किती खोल आहे. आता हे समितीला कसं दाखवायचं? टरफलं फाइलला लावता येत नाहीत.

आणि दाखवणं तर भाग होतं. ज्या विद्यार्थी-सेवेचा उपयोग सिद्ध होणार नाही ती बंद करायची, असा नवा नियम आला होता. समुपदेशकाच्या जागी मुलींच्या फोनमध्ये एक बोलका सल्लागार बसवून मिळणार होता. गेल्या वर्षभरात सात विद्यापीठांतली केंद्रं अशी बंद झाली होती.

निकष घेऊन आली ती डॉ. प्रणोती भिंगे. हेच खरं आनंदाचं कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी हीच प्रणोती पहिल्या वर्षाला आली आणि दीड महिन्यात ट्रंक भरून एसटी स्टँडकडे निघाली होती. वर्गात शिकवलेलं कळत नाही आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटते, एवढंच तिचं दुखणं. ऐवळे मॅडमनी तिला फाटकातून परत आणलं, टोपलीसमोर बसवलं. तीन तास ती शेंगा फोडत बसली आणि मग वर्षभर दर बुधवारी येत राहिली. पुढे संख्याशास्त्रात नाव काढलं. ‘आपली पोर’ म्हणून मॅडम तिच्याबद्दल सगळ्यांना सांगत. बुधावल्यांना तर ती गोष्ट तोंडपाठ झाली होती.

“अडचण जुनीच आहे, मॅडम,” प्रणोती शेंग फोडत म्हणाली. खुर्ची तीच होती, टोपली मात्र नवी. “एक मुलगी तुमच्याकडे आली आणि पुढे पास झाली. ती तुमच्यामुळे झाली, की एरवीही झाली असती? हे कळायला तीच मुलगी, त्याच वर्षी, एकदा तुमच्याकडे येताना आणि एकदा न येताना पाहायला हवी.”

“ते कसं शक्य आहे?”

“निकष तेच करतं.”

वर्षाची दुसरी प्रत निघत नाही, पण निकष ती काढत असे. मनगटपट्टीवरून झोप आणि नाडी, मेसच्या यंत्रावरून जेवणाच्या वेळा, ग्रंथालयाच्या दारावरून ये-जा, फोनवर अक्षरं उमटण्याचा वेग. या सगळ्यांतून प्रत्येक मुलीचं एक ‘बिंब’ गणकात तयार होई. बिंबाला चेहरा नव्हता, फक्त सवयी होत्या. हजारो जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या आधारे ते वर्षभर पुढे चालवलं जाई, केंद्रात एकदाही न पाठवता. वर्षअखेर खरी मुलगी कुठे पोचली आणि तिचं बिंब कुठे पोचलं, यातलं अंतर म्हणजे केंद्राचा उपयोग.

“आणि तुझं बिंब खोटं बोललं तर?” मॅडमनी विचारलं.

प्रणोतीचे हात क्षणभर थांबले. “ते तपासायची सोय केलीय,” ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

एकवीस वर्षं मुलींच्या हातांकडे बघून मनातलं ओळखणाऱ्या बाईंना ते थांबलेले हात दिसले. पण आपल्या पोरीवर कुणी संशय घेतं का?

मग बुधावले फायलींचा गठ्ठा घेऊन आले. जिथे पिवळी चिठ्ठी तिथे सही, हा विद्यापीठाचा जुना रिवाज. मूल्यांकनाच्या दिवसांत वाचून सही करणाऱ्या माणसाला तिथे आडमुठा म्हणत. मॅडमनी चौदा ठिकाणी सह्या ठोकल्या. एका चिठ्ठीपाशी त्या चष्मा शोधू लागल्या, तेव्हा प्रणोतीच म्हणाली, “करा मॅडम, मी वाचलंय.” त्यांनी केली.

निकषबरोबर दोन बारीकसारीक सोयी आल्या. मुलींनी आता फोनवरून वेळ मागायची, आणि वेळ मिळालेल्या मुलीच्याच मनगटपट्टीला केंद्राचं दार उघडायचं. बाहेर कुणी ताटकळायला नको, कोण आलं कोण गेलं याची चर्चा नको. मॅडमना ते पटलं.

त्या वर्षी केंद्रात गर्दी कमी झाली. आधी त्यांना वाटलं, मुली सुखात असतील. मग वाटलं, आपलं वय झालं. बावन्न वर्षांच्या बाईपाशी अठरा वर्षांच्या पोरीनं काय म्हणून मन मोकळं करावं? एक मुलगी विशेष मनात राहिली. तनिष्का कोळेकर, पिंपरवाडीच्या मेंढपाळाची मुलगी, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. जुलैत, दाराला ती सोय बसायच्या आधी, दोनदा आली होती. पहिल्यांदा चार शेंगा फोडल्या, दुसऱ्यांदा अर्धी टोपली. मग आलीच नाही. ऑगस्टमध्ये मेसच्या रांगेत दिसली, तेव्हा तिने मान फिरवली.

मॅडमचा एक नियम होता. यायचं थांबलेल्या मुलीला बाहेर हटकायचं नाही. चारचौघांत ‘का गं आली नाहीस’ म्हटलं की तिचं गुपित चव्हाट्यावर येतं. दार उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. या नियमाने त्यांनी वीस वर्षांत कितीतरी मुलींची अब्रू राखली होती. म्हणून त्यांनी तनिष्काला हाक मारली नाही. डिसेंबरात तिची खाट रिकामी झाली.

मे महिन्यात सभागृहात अहवाल सादर झाला. कुलगुरू पहिल्या रांगेत होते. प्रणोतीने ग्रंथालय, मेस, रोजगार-मार्गदर्शन अशा एकेका सेवेचे निकाल पडद्यावर दाखवले. रोजगार-मार्गदर्शनाचा उपयोग शून्य निघाला; ते चालवणारे सर छताकडे बघत राहिले. मग पडद्यावर समुपदेशन केंद्र आलं. दोन रेषा जूनमध्ये एकाच बिंदूतून निघाल्या होत्या. निळी जवळजवळ सपाट गेली होती, तपकिरी खाली घसरली होती.

“वरची रेषा ऐवळे मॅडमकडे गेलेल्या ब्याऐंशी मुलींची,” प्रणोती म्हणाली. “त्यांतल्या फक्त तिघी विद्यापीठ सोडून गेल्या. मॅडम नसत्या तर काय झालं असतं, ते खालची रेषा सांगते. आम्ही तपासलेल्या एकोणीस विद्यापीठांत एवढं अंतर कुठल्याच केंद्राचं नाही.”

टाळ्या झाल्या. कुलगुरू मागे वळून हसले. एकवीस वर्षांच्या टरफलांना आज कुणीतरी तोललं होतं आणि तोलणारी त्यांचीच पोर होती. डोळे पुसून त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तेव्हा खालच्या रेषेवर त्यांना बारीक ठिपके दिसले.

“प्रणोती, खालची रेषा बिंबांची ना?”

“हो मॅडम.”

“मग हे ठिपके कसले?”

“ते नंतर बोलू,” ती म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं.

केंद्रात आल्यावर मॅडमनी टोपली सरकवली नाही.

“ठिपके कुणाचे?”

“खऱ्या मुलींचे. बिंबं खरं बोलतात का, हे तपासायला काही खऱ्या मुली केंद्राशिवाय राहायला लागतात. नाहीतर अहवालाला काही अर्थ नाही. वर्षभरात एकशे तेवीस मुलींनी तुमची वेळ मागितली. त्यांतल्या एक्केचाळीस जणींना ती दिली नाही. सोडत काढली होती. मुद्दाम कुणालाच निवडलं नाही.”

“दिली नाही म्हणजे? काय सांगितलंत त्यांना?”

प्रणोतीने फोन पुढे केला. त्यावर मॅडमचा हसरा फोटो होता, केंद्राच्या पत्रकावरचा. खाली एक ओळ: ‘ऐवळे मॅडमना सध्या वेळ नाही. कृपया नंतर प्रयत्न करा.’

मॅडमनी ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. एकवीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. ताप असताना नाही, स्वतःच्या आईचं दिवसकार्य आटोपून आल्या त्या दुपारीही नाही.

“किती गेल्या?”

“बिंबांनी तेरा सांगितल्या होत्या.” प्रणोतीचा आवाज खाली आला. “गेल्या चौदा.”

“तनिष्का कोळेकर?”

“नावं सांगता येत नाहीत, मॅडम. नियम आहे.”

“मला न सांगता केलंस. माझ्या नावानं, माझ्या फोटोखाली.”

“न सांगता नाही.” प्रणोतीने फाइल उघडली. पान सदतीस, पिवळी चिठ्ठी, सेवाप्रमुखाची संमती. सही शैलजा ऐवळे यांचीच होती, ‘ळ’च्या लांब शेपटीसकट. “मुलींचीही आहे, प्रवेशअर्जाच्या शेवटच्या पानावर.”

“तू म्हणालीस, मी वाचलंय. तू म्हणालीस म्हणून मी वाचलं नाही.” मॅडमचा आवाज चिरकला. “परक्यानं फसवलं असतं तर मी भांडले असते गं. तू केसानं गळा कापलास.”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्या मुलींना मागच्या दाराने भेटला असता,” प्रणोती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण ती मागे हटली नाही. “भेटलाच असता, तुम्ही तशाच आहात. मग दोन रेषांत अंतर दिसलं नसतं, आणि हे केंद्र आठवं ठरलं असतं. बंद झालेल्या सात केंद्रांतही चांगल्या बायका होत्या, मॅडम. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. एक्केचाळीस मुलींच्या बदल्यात पुढे येणाऱ्या सगळ्यांसाठी हे दार उघडं राहतंय.”

“आणि तुझ्या वर्षी अशी सोडत काढली असती तर?”

प्रणोतीने फाइल मिटली. “माझ्या वेळच्या मेसच्या आणि ग्रंथालयाच्या जुन्या नोंदी होत्या. मी माझंही बिंब चालवून पाहिलं,” ती म्हणाली. “दुसऱ्या सत्रात गळालं. म्हणून तर मला तुमचं केंद्र वाचवायचं होतं.”

केंद्रामुळे आपण वाचलो हे जिला सगळ्यांत नीट कळलं होतं, तिनेच एक्केचाळीस जणींची वाट बंद केली होती, आणि तीही प्रेमापोटी. मॅडमना वाटलं, ही पोर हावरट निघाली असती तर बरं झालं असतं. निदान मनसोक्त रागावता तरी आलं असतं.

अहवाल पक्का व्हायला स्वीकृतीपत्रावर सेवाप्रमुखाची सही लागत होती. मुदत तीन दिवसांची. सही केली की केंद्र कायम, नाही केली की अहवाल रद्द आणि केंद्र बंद. पत्र टेबलावर ठेवून प्रणोती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मॅडम पिंपरवाडीला गेल्या. पिशवीत शेंगा होत्या. तनिष्का गावाबाहेरच्या डाळिंबांच्या शेडमध्ये फळं निवडत होती. मॅडमना बघून तिने हातातलं डाळिंब खोक्यात ठेवलं आणि ओढणीला हात पुसले.

“कशाला आलासा?”

“तू यायची का थांबलीस, ते विचारायला. मी ते तेव्हाच विचारायला हवं होतं.”

तनिष्का हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “मी थांबले? सात बारी येळ मागितली मी. सातबी येळा तुमी न्हाई म्हनालासा.” तिने फोन काढला. सातही संदेश तिने जपून ठेवले होते, प्रत्येकावर मॅडमचा हसरा फोटो. “चौथ्या बारीला मी दारापतोर आले. पट्टी लावली तर दार उघडंना. आत हासन्याचा आवाज यीत हुता. मला वाटलं, मी कायतरी वंगाळ बोलले आसंन, म्हनून मलाच न्हाई म्हंत्यात.”

मॅडम शेडमधल्या उपड्या खोक्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. बिंब, सोडत, ठिपके. स्वतःची सहीही लपवली नाही. बाजूच्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. तनिष्काला सगळं समजलं. गणितात ती हुशारच होती.

“म्हंजी मी ठिपका,” ती म्हणाली.

“हो.”

“चौदातली.”

“हो गं.”

मॅडमनी पिशवी पुढे केली. तनिष्काने एकही शेंग उचलली नाही. मॅडमना त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

“माझं लगीन ठरलंय, दिवाळीनंतर,” ती म्हणाली. “तुमी सही करा, मॅडम. केंद्र ऱ्हाऊद्या. न्हाईतर माझं वरीस उगंच गेलं म्हनायचं. पर मी काय परत येत न्हाई.” आणि ती पुन्हा डाळिंबं निवडायला लागली.

तिसऱ्या दिवशी मॅडम बुधावल्यांच्या कार्यालयात बसल्या आणि स्वीकृतीपत्र वाचू लागल्या. पहिल्या पानापासून, बोट ठेवून. बुधावले घड्याळाकडे बघत होते.

“मॅडम, चिठ्ठी लावलीय की. तिथंच करायची सही.”

“वाचू द्या, बुधावले. एकवीस वर्षांची बाकी आहे.”

सही करायची, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. ती पोर स्वतः म्हणाली होती. पान अठ्ठेचाळीसवर त्यांचं बोट थांबलं. ‘बिंबांची अचूकता टिकवण्यासाठी ही पडताळणी दर शैक्षणिक वर्षी नव्याने केली जाईल.’

त्यांनी तिथूनच प्रणोतीला फोन लावला. “दरवर्षी एक्केचाळीस?”

“कमी करता येतील. तीसपर्यंत आणता येतील, मॅडम,” प्रणोती घाईने म्हणाली. “पण मुली बदलतात, दरवर्षी वेगळ्या येतात. पडताळणी थांबली की बिंबं जुनी होतात.”

“आणि मी सही केली नाही तर?”

“तर सगळ्याच जणी खालच्या रेषेवर जातील. सगळ्याच. हे तुम्हाला चालेल?”

प्रश्न खरा होता. “नाही चालणार,” त्या म्हणाल्या. “पण दरवर्षी जुलैत तीस पोरी दाराशी येणार, आत मी दुसऱ्या कुणाशी तरी हसत असणार, आणि बाहेर माझाच फोटो त्यांना जा म्हणून सांगणार. आता मला ते माहीत आहे. माहीत असून मी शेंगा कशा पुढे करू, प्रणोती?”

मॅडमनी फोन ठेवला आणि पिवळी चिठ्ठी काढून बुधावल्यांच्या हातात दिली. सहीची जागा कोरी राहिली.

पंधरा जूनला केंद्र बंद झालं. शासनाचं पत्र सकाळी आलं, दुपारी दोन शिपायांनी कपाट हलवलं. बोलका सल्लागार पुढच्या सोमवारी सुरू होणार होता. तोवर काय सांगायचं, ते कुणीच ठरवलं नव्हतं, आणि निकषकडे अशा वेळेसाठी एकच वाक्य होतं. दुपारी चार वाजता यादीतल्या झाडून सगळ्या मुलींना संदेश गेला: ‘ऐवळे मॅडमना सध्या वेळ नाही. कृपया नंतर प्रयत्न करा.’ वर तोच हसरा फोटो.

वसतिगृहातल्या मुली व्हरांड्यात फोन घेऊन उभ्या राहिल्या. मॅडम टोपली काखेत घेऊन त्यांच्या समोरून गेल्या. एका मुलीने मान फिरवली, अगदी तनिष्काने मेसच्या रांगेत फिरवली होती तशी. त्यांना हाका मारून सांगावंसं वाटलं, अगं ते मी नाही. पण किती जणींना सांगणार? सही तर त्यांचीच होती.

फाटकापाशी त्यांचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मॅडम, मी तनिष्का. माझं नाव काडलंच न्हाई वाटतं यादीतनं.” मागे शेडमधल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. “आठवा आलाय.”

मॅडम फाटकापाशीच थांबल्या.

“ह्योबी तुमी न्हवं?”

“नाही गं. मी नाही.”

मग तनिष्काने विचारलं, “मंग येळ हाय का तुमाला?”

“आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि टोपली खाली ठेवून त्या तिथेच पायरीवर बसल्या.